कार्ड लागत न्हाय

दस्तगीरचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा हात ठेवतात. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे बारीक करून थोडा वेळ उभे राहतात आणि घरातल्या बाईनं पाणी विचारायच्या आत निकाल देऊन मोकळे होतात. माझ्या डब्यावर त्यांनी पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा तो निकाल निम्म्या शिवाजी पेठेनं ऐकला.

"कार्ड बसवलंयस. काढ."

चाचा आमच्या शेजारच्या दारात राहतात. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा, जुळवून देणारा माणूस. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले, आणि आपले गेले म्हणजे सगळ्या जगाचे गेले असं धरून ते बोलतात. मशीनचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते हातानं ऐकतात. पंखा कसा फिरतोय, डबा किती थरथरतोय, हे त्यांना तळहाताला कळतं. मी लग्नाच्या फिल्मा जोडण्याचं काम घरूनच करतो आणि ग्राफिक्स कार्ड हे माझं पोट आहे, हे मी त्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही, आणि म्हणाले, "मशीन वाईट नसतंय. जॉबर वाईट असतोय."

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ग्राफिक्स कार्ड हा कॉम्प्युटरला भराभर चित्रं काढून देणारा वेगळा भाग. तो नसला तरी प्रोसेसरच्या पोटातच चित्रं काढायची थोडीफार सोय असते. गेम खेळणारी मंडळी त्या सोयीला नाकं मुरडतात. चाचांनी मात्र तिची बाजू अशी घेतली होती, की घरच्या माणसाबद्दल कुणी वावगं बोललं असतं तरी त्यांना इतका राग आला नसता.

चाचा गेम खेळतात, हे सांगायचं राहिलंच. ट्रक चालवायचा गेम. मुलगी परवीन नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर मागं राहिला. चाची नुकत्याच गेल्या होत्या. चाचांनी तो डबा उघडला, पुसला, जुळवला आणि मग जे शास्त्र तयार केलं ते आजतागायत आम्हाला ऐकवत आहेत.

"मेमरीची एक दांडी लावू नको. तेवढीच मेमरी, पण दोन दांड्या लाव. प्रोसेसर आणि चित्रं एकाच मेमरीतनं खात्यात. दोन बाजूंनी सूत आलं की माग थांबत न्हाय." हे त्यांचं पहिलं कलम, आणि कबूल करायला जड जातं, पण ते शंभर टक्के बरोबर आहे. दुसरं कलम सेटिंगचं. सावल्या बंद, पाण्यातली प्रतिबिंबं बंद, गवत बंद, पडद्यावरचं चित्र एक पायरी भरड.

"चाचा, सावल्या नाहीत तर मजा काय?" मी ओरडून विचारलं.

"ऊन लागतंय व्हय तुला गेममध्ये?"

"आणि गवत?"

"गवत बघणारा ट्रकवाला कधी घरला पोचलाय का?"

आमच्या शेजारच्या तालमीतल्या पोरांनी एकदा त्यांना बोलावलं होतं. पोरांचा कॉम्प्युटर साधा आणि फुटबॉलचा गेम अडखळत होता. बॉल गोलजवळ आला की चित्र थांबायचं आणि सुरू व्हायचं तेव्हा गोल झालेला असायचा. चाचांनी डब्यावर हात ठेवला, दहा मिनिटं सेटिंग केलं आणि गेम लोण्यासारखा चालायला लागला. फक्त त्यांनी मैदानातले प्रेक्षक बंद केले होते. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या शिवाजी पेठेत फुटबॉल, आणि तोही रिकाम्या गॅलरीसमोर. पोरं हात जोडायला लागली, की चाचा, टीम काढा, पण पब्लिक परत आणा. चाचा म्हणाले, "खेळायचं हाय का मिरवायचं हाय, आधी ठरवा," आणि घरी आले.

पुढं एकदा तर मलाच त्यांना एका दुकानातून आणायला जावं लागलं. तिथल्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, की कार्डाशिवाय आजकाल गेम चालतच नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा डबा रिक्षात घालून दुकानात नेला, काउंटरवर मांडला, तिथल्याच पडद्याला जोडला आणि भर गिऱ्हाइकीत दीड तास ट्रक चालवला. बघ्यांतले दोघं कार्ड घ्यायला आलेले, ते नुसत्याच मेमरीच्या दांड्या घेऊन गेले. दुकानदारानं मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी पोचलो तर चाचा त्याला समजावत होते, "तुझं चुकत न्हाय रे. तू विकणारा हायस. मी जॉबर हाय."

मला हे सगळं करमणुकीचं वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, माझा जळफळाट व्हायचा. मी वीस वर्षं या मशीनांवर घालवलेली, आणि हा माणूस माझ्या महागड्या कार्डाकडे घरात शिरलेल्या उंदराकडे बघावं तसा बघतो. बायको म्हणायची, "सोड की, त्यांना सांगून पटणार नाही." पण एकदा तरी चाचांनी तोंडानं कबूल करावं, की व्हय, कार्डानं फरक पडतोय, एवढीच माझी इच्छा होती.

ती संधी परवीननं दिली. तिचा फोन आला. "दादा, अब्बा संध्याकाळी पाच ते सात दार लावून त्या गेमपुढं बसतात. एकटेच. निदान चांगलं तरी दिसू दे त्यांना. मी कार्ड पाठवते, तुम्ही बसवून द्या. त्यांना विचारू नका, नाहीच म्हणतील."

पाच ते सात चाचा दार लावतात, हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळात दार वाजवून उपयोग नसतो, त्यांना ऐकूच जात नाही. दर गुरुवारी मात्र ते सकाळी इचलकरंजीजवळच्या कबनूरला जातात, आनंदा कांबळेंना भेटायला. आनंदा त्यांच्याच शेडमध्ये माग चालवायचे. आता त्यांचे गुडघे गेलेत, उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. त्यांचेही कान चाचांसारखेच. चाचांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. एका गुरुवारी मी त्यांच्या घरात शिरलो, कार्ड बसवलं आणि सावल्या, प्रतिबिंबं, गवत, सगळं सुरू केलं. गवताच्या पात्यान्‌पात्याला वारा लागत होता. मी सूड घेतल्यासारखा खूश झालो.

चार वाजता चाचा परत आले. मी दारातच उभा होतो. त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"परवीननं पाठवलंय," मी ओरडलो. "एकदा बघा तरी."

लेकीचं नाव ऐकल्यावर ते बसले. ट्रक सुरू केला. रस्त्यावर झाडांच्या सावल्या पडल्या, काचेवर पावसाचे थेंब ओघळले. चाचांनी कडेच्या गवताकडेही बघितलं. मग म्हणाले, "झ्याक हाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू होता. मी जिंकलो होतो.

पाच वाजले. मी निघालो तर म्हणाले, "थांब. बसवलंयस तर चालतंय कसं तेबी बघ." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की चाचा एकटे खेळत नाहीत. त्यांच्या ट्रकच्या आरशात मागून दुसरा ट्रक येत होता. त्यानं दिवा एकदा लावून विझवला. चाचांनीही तसंच केलं.

"आनंदा," ते म्हणाले.

"पण तुम्ही आत्ताच भेटून आलात की," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"भेटलो. बोललो कुठं?"

मग सांगितलं. शेडमधल्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. मूठ फिरवली की धागा तुटला, पंजा दाखवला की मालक आला, दोन बोटं दाखवली की चहा. तीस वर्षं दोघं असेच बोलले. निवृत्त झाल्यावर परवीननं व्हिडिओवर बोलायला शिकवलं, तर दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत बसायचे. शेवटी हात हलवून फोन ठेवायचे. "हातात काम नसलं की आमाला बोलायला येत न्हाय," चाचा म्हणाले. म्हणून हा गेम. चाचांनी एका पतसंस्थेनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर जुळवून आनंदांना दिला आणि दोघं रोज पाच वाजता माल घेऊन निघतात. दिवा एकदा म्हणजे मी हाय. दोनदा म्हणजे चहा. मग दोघं ट्रक कडेला लावतात, एक इथं आणि एक कबनूरला उठून चहा करतो, आणि पिऊन झाला की परत निघतात.

गेममध्ये एक मोठा पूल लागतो आणि पुलापलीकडे शहर. चाचांचा ट्रक पुलावरून भुर्रकन गेला. शहरातले दिवे, गाड्या, पाण्यात पडलेली प्रतिबिंबं, सगळं लख्ख. एवढा देखणा पूल मी त्या गेममध्ये पाहिला नव्हता आणि तसं बोलणारच होतो. चाचांनी आरशात बघितलं. आरसा मोकळा होता.

त्यांनी दिवा लावला, विझवला. परत लावला. काही नाही. ट्रक कडेला घेऊन थांबले. मोबाइलवर व्हिडिओ लावला, वाजून वाजून बंद झाला. फोन वाजतोय हे आनंदांना कळणार कसं? चाचांच्या कपाळावर घाम आला होता. गेममधल्या ट्रकसाठी एवढा घाम येतो का, असं मला वाटलं, आणि वाटल्याची नंतर लाज वाटली. त्यांनी ट्रक वळवला आणि पूल उलटा पार केला.

पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी आनंदांचा ट्रक उभा होता. चारही दिवे लुकलुकत होते.

"इथं अडकतंय," चाचा म्हणाले. "रोज. शहर आलं की माझंबी अडखळतंय, त्याचंबी अडखळतंय. माझं अडखळलं की मी वेग सोडतो, म्हंजे तो गाठतोय. आज माझं अडखळलंच न्हाय." ते त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघत होते. "त्याला वाटलं मीच मागं कुठंतरी अडकलोय. म्हणून थांबलाय बघ. माझी वाट बघत थांबलाय."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"पाळी सुटल्यावर तीस वर्षं एकदाबी त्याला मागं टाकून शेडच्या बाहेर पडलो न्हाय मी. काढ ते."

मी शेवटचा प्रयत्न केला. "मग त्यांनाही एक कार्ड बसवू. परवीनला सांगतो, दुसरं मी आणतो."

चाचांनी मान हलवली. "त्याचा डबा हापिसातला हाय, बोटभर जाडीचा. कार्ड आत बसतच न्हाय. टेप लावून मोजलंय मी. तीनदा मोजलंय." मग म्हणाले, "बसत असतं तर पैलं त्याच्यात बसवलं असतं."

म्हणजे ते सगळं शास्त्र, ते दुकानातलं दीड तासाचं आंदोलन, ती रिकामी गॅलरी, सगळं त्या मोजणीनंतरचं होतं. जे आनंदांच्या डब्यात बसत नाही ते जगात कुणालाच लागत नाही, असं या माणसानं ठरवून टाकलं होतं आणि त्यासाठी तो सगळ्या पेठेशी भांडत होता.

मी कार्ड काढलं. सावल्या बंद केल्या, गवत बंद केलं. चाचांनी डब्यावर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "परवीनला सांग, लई झ्याक दिसतंय." मी तसंच सांगितलं. ते कार्ड आमच्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. त्याचं काय करायचं ते बायकोला आणि मला दोघांनाही सुचलेलं नाही.

माझ्या मशीनमधलं कार्ड मी ठेवलंय, पोटाचा प्रश्न आहे. पण आता कुणी विचारलं, की साध्या मशीनवर गेम चालतो का, तर मी सांगतो, चालतो, झकास चालतो, दोन दांड्या लाव आणि सावल्या बंद कर. परवा एक जण हसला. त्याच्याशी मी रस्त्यात उभा राहून अर्धा तास वाद घातला आणि माझा आवाज चांगलाच चढला होता, असं बायको म्हणाली.

काल संध्याकाळी पाचच्या आत मी चाचांकडे जाऊन बसलो. आता मला आत घेतात. ट्रक पुलावर चढला, शहर समोर आलं आणि चित्र थांबलं. पुढं सरकलं, परत थांबलं.

"अडकलं," चाचा समाधानानं म्हणाले आणि वेग सोडला.

आरशात दिवा दोनदा लागला. चाचांनी ट्रक कडेला घेतला, मागचा ट्रक शेजारी येऊन उभा राहीपर्यंत बघितलं, आणि गॅस पेटवायला उठले.