महाराजांचे करपट ढेकरांची हकीकत

श्रीअन्नपूर्णेचे पायीं मस्तक ठेवून आणि जठराग्नीस दंडवत घालून घडिलें वर्तमान लिहितों ऐसें जे. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं राजियांचे मुदपाकखान्यांत गुंडभट आचारी चाकरीस होते. महाराजांस बाळपणीं पेज यांणींच भरविली. त्या दरबारीं रिवाज ऐसा कीं, भोजनोत्तर महाराजांनीं ढेकर दिला म्हणजे मानकरियांनीं "वाहवा, तृप्ती जाहली!" म्हणावें, आणि आचारियानें मुजरा करून आणखी तुपाची वाटी रवाना करावी, मग महाराजांनीं तेथेंच लोडावर आडवें व्हावें. दिवाळीपासून ढेकर वाढले, करपट येऊं लागले, आणि भट मनीं फुगले कीं, हाताला काय चव आली आहे! सकाळीं महाराजांचा आवाज बसे, तो थंडीचे माथां मारिला. निजतां कोरडा खोकला येई, तो धुळीचे माथां. आणि मोजडी घालावयास वांकतां आंबट पाणी घशासीं येई, तें महाराजांनीं कोणास सांगितलेंच नाहीं. मग एके दिवशीं भरले पंगतींत महाराजांनीं छाती धरिली आणि बोलिले, "आग पडली रे!" ताट आधीं चाखणारा येसाजी, तोही तैसाच जेवून लवंडणारा, बोलिला, "माझीही छाती जळते." जाहलें! कारभारियांनीं विषप्रयोग ठरविला, भटांचे दंडांस दोरांच्या काढण्या लाविल्या आणि उदयीक कडेलोट म्हणोन हुकूम जाहला.

भट रडत बोलिले, "महाराज, ज्यास लहानाचा थोर केला त्यास मी वीष घालीन?" महाराजांनीं तोंड फिरविलें. तें भटांस कडेलोटाहून जड गेलें.

मग राजवैद्य नारोपंत आले आणि महाराजांस पुसते जाहले, "जळतें केव्हांपासून?"

"दिवाळीपासून."

"आडवें होतां अधिक?"

"होय."

"घास अडकतो? अंग वाळलें?"

"नाहीं."

येसाजीसही तेंच पुसिलें, उत्तर तेंच आलें. वैद्य हंसले. "वीष दिवाळीपासून वाट पाहात नाहीं, महाराज! हें आम्लपित्त, वर चढूं लागलें. घास अडकूं लागता तर मीही हात टेकितों. तूप-तिखट आवरावें, दिवस असतां बेतानें जेवावें, जेवून निजूं नये, उशाकडून पलंग उंच करावा. आणि करपट ढेकरास वाहवा म्हणेल त्यास एरंडेल पाजावें."

भट सुटले. पौषांत जळजळ निमाली, आवाज मोकळा जाहला, आणि महाराजांनीं भटांस वस्त्रें देऊं केलीं. भट बोलिले, "वस्त्रें नकोत. येसाजीस ताटावरून उठवावें." महाराजांनीं खालीं पाहिलें, मग येसाजीस उठविलें, आणि न चाखिल्या भाताचा घास आपले हातें मुखीं घातला. भटांस रडूं आवरेना.

एवंच, महाराज बरे जाहले. भट पुढें वृद्धापकाळें वारले. तोंवर राजियांचें ताट कोणी चाखिलें नाहीं.