मूळ कुणाचं?

विसूभाऊंना तुम्ही ‘आज फार उकडतंय’ एवढं जरी म्हणालात, तरी ते मान वाकडी करून विचारत, “मूळ कुणाचं?”

विनोद सांगा, म्हण टाका, पोराला रागवा, प्रश्न ठरलेला! एकदा आमच्याकडे पिठलं खाऊन त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, “वहिनी, मूळ कुणाचं?” ती फणकारली, “सासूबाईंचं. आणि हे लाटणं माझं!”

मला वाटायचं, हा धंद्याचा दोष. चिंचवडच्या आसपास तेव्हा कारखाने थोडे आणि बाभळी जास्त. आमच्या कारखान्यात मी स्टोअरला आणि विसूभाऊ ट्रेसर. साहेबाच्या आराखड्यावर पातळ कापड अंथरायचं आणि खालची रेघ शाईनं वर गिरवायची. कोपऱ्यात दोन चौकटी: मूळ कुणाचं, गिरवलं कुणी. जन्मभर दुसऱ्या चौकटीत सही केलेला माणूस.

अशा माणसानं गणपतीसाठी नाटक लिहिलं! दिग्दर्शक मी, विनोदी नोकरही मीच. मी वही उघडली आणि पहिलं पान दोनदा वाचलं. प्रत्येक वाक्यासमोर समासात बारीक अक्षरात मालकाचं नाव. ‘धोब्याचं.’ ‘आकुर्डीच्या टांगेवाल्याचं.’ ‘नानांच्या मिसेसचं.’

“अहो, यात तुमचं काय?”

“सांधे माझे,” ते शांतपणे म्हणाले. “नाना, नाव पुसलं की चोरी. नाव लिहिलं की शेजारधर्म.”

पण प्रेक्षकांना समास थोडाच दिसतो? आदल्याच वर्षी शेजारच्या मंडळाचं नाटक लोकांनी ‘चोरी, चोरी’ ओरडून बंद पाडलं होतं. आठवडाभर मला घास गोड लागेना. त्यातून माझ्याच तोंडच्या एका वाक्यासमोर समास कोरा होता. ‘आपण दुसऱ्याच्या वरातीतले बैल, राव! वाजंत्री वाजली की आपल्यालाच नवरदेव झाल्यासारखं वाटतं.’

“याचा मालक कोण?” मी विचारलं. ते पेनाला टोपण लावत बसले.

रविवारी दुपारी मांडव गच्च भरला. ते वाक्य आलं. मी म्हणालो आणि हशानं कनात हलली! विसूभाऊ मात्र रंगमंचाकडे पाठ करून उभे. एकेक चेहरा वाचत होते.

नाटक सुटलं. मी नाटकातल्या मिशांसकटच बाहेर धावलो. विसूभाऊ वाटेत उभे राहून ज्याला त्याला धरत होते. “ते बैलाचं वाक्य आधी कुठं ऐकलंत?”

“न्हाई बा!” फेटेवाला म्हातारा खूश होऊन म्हणाला. “लई झ्याक! असलं कवाच ऐकलं न्हाई!”

प्रत्येक ‘न्हाई’ला मी एक इंच उंच होत होतो आणि विसूभाऊ एक इंच खचत होते. मला राहवेना. मिशीला पीळ देऊन मी म्हणालो, “मी ऐकलंय, राव!”

त्यांनी माझं मनगट पकडलं. “कुठं? कुणी म्हटलं? उंच होता? डाव्या भुवईवर खूण होती?”

“अहो... चेष्टा केली.”

हात सुटला. मांडव रिकामा होईपर्यंत ते वाटेतच उभे राहिले. मग म्हणाले, “थोरला भाऊ. बैलांना झुली घालताना म्हणायचा. एका नाटकमंडळीबरोबर गेला, त्याला अकरा वर्षं झाली. पत्र नाही. पण जिथं असेल तिथं हे म्हटल्याशिवाय राहायचा नाही. ज्यानं त्याच्या तोंडून ऐकलं असेल, त्यानं मला चोर म्हणावं, गचांडी धरावी... मग मी पत्ता विचारीन.”

“मग समासात नाव का नाही लिहिलंत?”

“गेल्या माणसाचं नाव लिहिल्यासारखं वाटतं.”

पुढच्या वर्षी नाटक नवं होतं; बैल तेच. मी वाक्य असं ठणकावलं की पार नदीपलीकडे ऐकू जावं. मांडवाला बाहेर पडायच्या वाटा दोन. एकीवर विसूभाऊ उभे होते. दुसरीवर, मिशा न काढता, मी.

“काका, जरा थांबा. ते बैलाचं वाक्य आधी कुठं ऐकलंत का?”