कालिंदीबाईंचं सल्लागार मंडळ

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कशाला, असं विचारू नका. राजाच्या मनात आलं, म्हणून होतं. त्यात पुष्कळ विभाग होते आणि एक पर्यावरण संस्था होती. संस्था तळ्याकाठच्या चिखलात होती, कारण कोरडी जागा बाकीच्या विभागांनी आधीच घेतली होती.

संस्थेच्या संचालक होत्या कालिंदीबाई. त्या पाणमांजर होत्या. त्यांचं बालपण तळ्यात गेलं होतं, आणि अभ्यासही त्यांनी तळ्याचाच केला होता. त्या मासे खात, त्यामुळे माशांच्या तब्येतीची त्यांना मनापासून काळजी होती.

त्या वर्षी तळ्यात जलपर्णी आली. आधी एका कोपऱ्यात आली. तिला जांभळी फुलं लागली. सगळे म्हणाले, किती छान. काव्य विभागाने तिथे सहलसुद्धा नेली. मग ती पसरत गेली आणि बघता बघता सगळं तळं तिनं झाकून टाकलं. खाली ऊन पोचेना. पाण्याला वास येऊ लागला. हरणं पाणी प्यायला येत आणि हुंगून तशीच परत जात.

एका सकाळी कालिंदीबाईंनी नेहमीसारखी बुडी मारली. वर येऊ लागल्या, तर डोक्यावर मुळांचं छप्पर. पुढे गेल्या, तिथेही छप्पर. छातीत श्वास उरला नव्हता. कशीबशी एक फट सापडली आणि त्या धापा टाकत काठावर येऊन पडल्या. आपण पाण्यात बुडून मरू शकतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

अंग झटकून त्या थेट हत्तींकडे गेल्या.

"जलपर्णी मुळासकट ओढून बाहेर काढायची," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून. दुसरा उपाय नाही."

उपाय इतका सोपा होता की कोणाचा त्यावर विश्वासच बसला नाही.

"आम्ही इतिहास विभागाचे," हत्ती म्हणाले. "तळं सुकलं की आमचं काम सुरू होतं."

"लेखी आदेश आहे का?" रानडुकरांनी विचारलं.

"आमच्या परीक्षा आहेत," माकडं म्हणाली. त्या कधी नव्हत्या?

शेवटी कालिंदीबाई कुलगुरूंकडे गेल्या. कुलगुरू होते भालचंद्रराव अस्वल. मनाने चांगले होते. सगळ्यांचं ऐकून घेत आणि ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागे.

"बाई, तुम्ही पडलात इथल्या," ते म्हणाले. "रोज दिसता. रोज दिसणाऱ्याचं कोण ऐकतं? आपण बाहेरचे सल्लागार बोलावू."

"ते जलपर्णी काढतील?"

"ते मार्गदर्शन करतील."

असं संस्थेचं सल्लागार मंडळ झालं. अध्यक्ष होते मरुधरजी उंट. ते दूरच्या वाळवंटातले, पाणीप्रश्नावरचे मोठे जाणकार, कारण त्यांच्याकडे पाणी नव्हतं आणि प्रश्न होता. दुसरे हिमानंद हंस, बर्फाळ डोंगरापलीकडचे. तिसरे राघोपंत पोपट. ते राजधानीत, राजाच्या गच्चीवरच्या पिंजऱ्यात राहत. पिंजऱ्याचं दार उघडंच असे, पण बाहेर पडलं की पद जातं, म्हणून ते शक्यतो बाहेर पडत नसत. बैठकीला मात्र भत्ता होता, तेव्हा येणार होते.

बैठकीच्या आदल्या दिवशी भालचंद्रराव तळ्यावर आले. पूर्वेच्या काठावर मांडव घातला होता. त्यांनी मांडवात बसून समोर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे असलं हिरवं पाहुण्यांना दाखवायचं? आणि हा वास? बोलवा सगळ्यांना."

आणि बाळांनो, सगळे आले. हत्तींनी सोंडेने जलपर्णीचे भारे ओढले. रानडुकरांनी मुळं उपटली, लेखी आदेश कोणी मागितला नाही. परीक्षा बाजूला ठेवून माकडांनी कचरा वाहून नेला. संध्याकाळपर्यंत पूर्वेचा काठ लख्ख झाला. पाण्यात आभाळ दिसू लागलं.

कालिंदीबाई एका दगडावर बसून हे बघत होत्या. त्यांना आनंद झाला. मग राग आला. मग त्या बराच वेळ विचार करत बसल्या.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मरुधरजी तळ्याकडे पाहत म्हणाले, "मूळ अडचण पाण्याची आहे. पाणी नसतं, तर पाण्यातली वनस्पती आली नसती. जंगलाने पाण्याची सवय कमी करावी."

हिमानंद म्हणाले, "आमच्याकडे तळी हिवाळ्यात गोठतात. तुम्हीही गोठवून पाहा."

राघोपंत म्हणाले, "गोठवून पाहा. सर्वांगीण विचार करून पाहा."

टाळ्या झाल्या. भालचंद्ररावांनी कालिंदीबाईंकडे वळून विचारलं, "संचालकांना काही सांगायचंय?"

सगळ्यांना वाटलं, बाई आता भांडणार. पण त्या नम्रपणे उभ्या राहिल्या.

"फार मोलाचं मार्गदर्शन झालं," त्या म्हणाल्या. "एकच विनंती आहे. मान्यवरांनी तळं फक्त पूर्वेकडून पाहिलं. पुढची बैठक पश्चिमेच्या काठावर घ्यावी."

मरुधरजींना ही सूचना फार शास्त्रीय वाटली.

पुढच्या बैठकीआधी पश्चिमेचा काठ साफ झाला. त्यापुढच्या बैठकीला उत्तरेचा, आणि मग दक्षिणेचा. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी भालचंद्ररावांचा चेहरा उतरे आणि सगळं जंगल धावून येई. काठाकाठाने मासे पुन्हा सुळकन फिरू लागले. हरणं पोटभर पाणी पिऊन जाऊ लागली. कालिंदीबाईंचं वजनही थोडं वाढलं.

आता फक्त मधला भाग उरला होता. तिथली जलपर्णी सगळ्यात दाट होती. ती तशीच राहिली असती, तर पुन्हा काठापर्यंत पसरली असती.

आणि नेमका तेव्हाच मरुधरजींचा निरोप आला. प्रवासात गुडघे दुखतात, तेव्हा यापुढच्या बैठका जागच्या जागी बसून घ्याव्यात. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणाहून बोलावं, कावळे निरोप पोचवतील. मंडळाच्या बाकीच्यांनीही होकार कळवला होता.

पाहुणे येणार नसतील, तर कोण कशाला चिखलात उतरेल? कालिंदीबाई कुलगुरूंकडे धावल्या.

"साहेब, आपण सल्लागारांचा सत्कार कधी केलाच नाही."

भालचंद्रराव एकदम जागे झाले. "खरंच की. करायला हवा. मांडव कुठे घालू या?"

"मांडव नको. तळ्याच्या मध्यभागी तराफा बांधू. चारही काठांवर प्रेक्षक बसतील. असा सत्कार कोणत्याच जंगलात झाला नसेल."

कावळे निरोप घेऊन गेले. मरुधरजींचे गुडघे त्याच दिवशी बरे झाले. हिमानंद आपणहून लवकर निघाले. राघोपंतांनी शालीचा रंग कोणता, एवढंच विचारलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी हत्ती गळ्यापर्यंत पाण्यात उतरले. मधल्या जाळ्या इतक्या घट्ट गुंतल्या होत्या की एक ओढली की दहा हात हिरवळ तरंगत मागे येई. कालिंदीबाई स्वतः खाली बुडी मारून मुळं कुरतडत होत्या. ज्या जागी त्यांचा श्वास कोंडला होता, तिथेच त्या पुन्हा पुन्हा जात होत्या. भीती वाटत होती, तरी जात होत्या. अंधार पडायच्या आत शेवटचा भारा काठाला लागला.

सत्कार थाटात झाला. तराफा डुलायला लागल्यावर मरुधरजींनी डोळे मिटून आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण केलं. राघोपंतांनी तेच पुन्हा म्हणून दाखवलं. हिमानंदांना मात्र पाणी इतकं आवडलं की ते शालीसकट पोहायला उतरले.

मंडळाने अहवाल दिला: आमच्या शिफारशींमुळे तळं वाचलं. कालिंदीबाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर भालचंद्रराव कालिंदीबाईंच्या शेजारी काठावर येऊन बसले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मी झोपतो, पण मधूनमधून जागाही असतो. तळं तर कोणी गोठवलं नाही. पाण्याची सवयही कोणी सोडली नाही. मग त्यांच्या कोणत्या सल्ल्याचा उपयोग झाला?"

कालिंदीबाईंनी मिशांवरचं पाणी झटकलं.

"निघताना दर वेळी ते 'पुन्हा येऊ' म्हणायचे ना," त्या म्हणाल्या, "त्याचा."

भालचंद्रराव पोट धरून हसले. मग त्यांनी मंडळाची मुदत वाढवून दिली. जलपर्णी पुन्हा येते, हे त्यांनाही आता कळलं होतं.

तात्पर्य: बाळांनो, मोठे झालात आणि एखाद्या संस्थेचे संचालक झालात, तर बाहेरचे सल्लागार जरूर नेमा. ते जितक्या लांबचे असतील तितकं बरं. त्यांचा सल्ला ऐकला नाही तरी चालेल. ते येणार आहेत, ही बातमी मात्र सगळ्यांच्या कानावर घाला.