मोरेश्वरभाऊ आणि लसीचा डबा

आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर मी बसत नाही. तिथे लसीचा डबा बसतो. निळा, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचा, आत बर्फ आणि त्याच्या मधोमध बाटल्या. मोरेश्वरभाऊ त्याला सीटबेल्ट लावतात, वरून ओला गमछा घालतात आणि मागे वळून मला सांगतात, "बसा बाई मांगं. तुमाले ऊन लागलं तं चालते, याले नाई चालत."

मी नर्स. सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं आरोग्य केंद्र आहे. आसपासच्या हायस्कुलांत जाऊन आम्ही दहावीच्या मुलामुलींना धनुर्वात आणि घटसर यांची लस टोचतो. लस फुकट, वर्गातच मिळते, कुणाला मजुरी बुडवून दवाखान्यात यावं लागत नाही. मोरेश्वरभाऊ भाड्याच्या जीपचे ड्रायव्हर. नेमून दिलेलं काम म्हणाल तर गाडी चालवणं, बस्स.

पण ते गाडी चालवत नाहीत, डबा पोचवतात. खड्डा आला की आधी डब्यावर हात, मग ब्रेकवर पाय. एकदा धानाने भरलेली बैलबंडी आम्हाला मागे टाकून गेली. बंडीवाल्याने वळून विचारलं, "काऊन भाऊ, गाडी बिघडली काय?"

"नाई," भाऊ गंभीरपणे म्हणाले, "पेशंट हाये."

"गरम नाई होवाचं" हे त्यांचं आवडतं वाक्य. मुळात ते डब्यासाठी होतं. मग इंजिनाला लागू झालं, चिडक्या हेडमास्तरांना लागू झालं, शेवटी मलाही. एकदा रस्त्याच्या मधोमध वाघ बसला होता. मी मागच्या सीटवर देवाचा धावा करत होते. भाऊंनी पाण्याची बाटली उघडली, गमछा पुन्हा ओला केला आणि म्हणाले, "उठन तो. त्याले बी कामं असन." वाघ खरंच उठून गेला.

आजवर आमची एकही बाटली गरम होऊन फेकावी लागलेली नाही. त्याबद्दल मी आभार मानले की म्हणतात, "आभार बर्फाचे माना, बाई."

एवढे लसीचे सेवक, पण सुईला भयंकर घाबरतात. मी सिरिंज काढली की भाऊ व्हरांड्यात जातात आणि भिंतीवर लिहिलेली प्रतिज्ञा वाचत उभे राहतात. ती त्यांना आता तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी दिवाळीआधी एका शाळेत वनिता नावाची मुलगी लस घ्यायची नाही म्हणून खिचडीच्या खोलीमागे, सरपणाच्या ढिगाआड जाऊन बसली. सुई बोटाएवढी असते आणि हात कायमचा लुळा पडतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हेडमास्तर ओरडत होते. गेटवर तिचे वडील उभे होते. ते म्हणाले, "पोरगी भेते तं राहू द्या ना." मला काही ते पटेना. ही मुलगी रोवणीत, कापणीत अनवाणी राबणारी. पायात काय रुतेल सांगता येत नाही. शिवाय नववीच्या मुली खिडकीतून सगळं बघत होत्या. पुढच्या वर्षी त्यांचीच पाळी होती.

भाऊ व्हरांड्यातून तिथे आले. "गरम नाई होवाचं, सर," असं हेडमास्तरांना म्हणाले आणि डबा माझ्या हातात दिला. "सावलीत ठेवा." शाळेत डबा आपण होऊन दुसऱ्याच्या हाती देताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

ते सरपणाजवळ उकिडवे बसले. "पोरी, मले भेव लागून राह्यलं."

"तुमाले काऊन?" ढिगाआडून आवाज आला.

"सुईचं. लहानपणापासून भेतो. आज पाहाचं हाये, पन एकट्यानं होत नाई. तू माह्यासंगं चल. मले लईच भेव लागलं तं माह्ये डोळे झाक."

वनिता बाहेर आली. दोघं बाकावर बसली. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते नाटक नव्हतं. मी कापूस घेताच वनिताने उजव्या हाताने त्यांचे डोळे गच्च झाकले. तिचा डावा दंड माझ्यासमोर होता.

"झालं काय?" भाऊंनी विचारलं.

"अजून नाई. बसा गुपचूप," ती म्हणाली.

"झालं," मी म्हणाले.

"कधी?" वनिताने दंडाकडे पाहिलं. खिडकीतल्या मुली खो-खो हसल्या.

"तुले लागलं काय?" भाऊ अजून डोळे मिटूनच होते.

"मी तुमाले पाहू का मले पाहू!"

गेटवरच्या वडिलांनी निघताना भाऊंना दोन सीताफळं दिली.

 परतताना चढावर फोनला रेंज येते तिथे भाऊंनी गाडी उभी केली. "बाई, आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. माही पोरगी अश्विनी गडचिरोलीकडं आश्रमशाळेत हाये. यंदा दहावीले. तिथं लस पोचली असन काय?"

त्यांना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. तिकडची नर्स प्रशिक्षणात माझ्याबरोबर होती. मी तिला फोन लावला, ऐकून घेतलं आणि भाऊंना सांगितलं, "अश्विनीला मागच्याच आठवड्यात दिली. बाकीच्या मुलींना तीच धीर देत होती म्हणे."

"रडली नाई?"

"अजिबात नाही."

मला वाटलं होतं, ते खूश होतील. पण त्यांनी डब्यावरचा गमछा उगाच नीट केला. "लहानपणी काटा रुतला तरी माह्याजवळ येत होती रडत," ते म्हणाले. "मोठी झाली मंग."

मी पुन्हा फोन लावला. संध्याकाळी वसतिगृहाच्या अधीक्षिकांच्या फोनवरून अश्विनीशी बोलणं करून द्यायचं ठरलं. भाऊ घाबरले. "पन बोलू तं काय?"

"जेवली का, एवढं विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात पोचले, तेव्हा भाऊ दारातच उभे होते. डोळे सुजलेले, चेहरा मात्र लग्नघरासारखा.

"रडली, बाई!" ते म्हणाले. "सुईले नाई रडली. मी 'जेवली काय' म्हनलं अन् रडली."