नंतर बघू आणि कंपनी

वकिलांचा फोन आला तेव्हा गृहस्थ न्हाणीघरात स्टुलावर उभे होते आणि गळक्या नळानं त्यांना कपड्यांसकट अर्धीअधिक आंघोळ घातली होती. हातात पान्हा, कान आणि खांद्यात दाबलेला फोन.

"कंपनीचं नाव काय टाकू?" वकिलांनी विचारलं.

"नंतर बघू!"

"नक्की हेच?"

"अहो, हेच तर सांगतोय मघापासून! नंतर बघू!"

"बरं, टाकतो," असं म्हणून वकिलांनी फोन ठेवला.

आता यात वकिलांची तरी काय चूक? 'नंतर बघू' हे गृहस्थांचं पालुपदच होतं. घराच्या वरच्या रिकाम्या खोल्यांत छोटंसं हॉटेल काढावं, असं बायको लग्न झाल्यापासून म्हणत होती. मुलगी शिकून नोकरीला लागली तरी उत्तर तेच. पण मागच्या वर्षी रस्ता चुकलेलं एक परदेशी जोडपं वर चार दिवस राहिलं आणि जाताना म्हणालं, "तुम्ही चालवा, आम्ही भांडवल घालतो." बायकोनं तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. गृहस्थ तोंड उघडेपर्यंत विषय संपलासुद्धा होता.

आणि आता कंपनीचे कागद आले.

"अहो! हे काय लिहिलंय? 'नंतर बघू हॉटेल्स'?"

गृहस्थांनी चष्मा पुसून वाचलं. अक्षरं तीच राहिली.

"उद्या ते दोघं सह्या करायला येणार," बायको मटकन खुर्चीत बसली. "त्यांना वाटेल आपण थट्टा करतोय. आल्या पावली परत जातील हो!" तिला रडवेली पाहून गृहस्थांना पहिल्यांदाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तडक वकिलांकडे धावले.

"नाव बदला! आत्ताच्या आत्ता!"

"भागीदारांची संमती लागते. आणि त्यांना तर मी नाव तेव्हाच कळवलंय."

"असलं नाव टाकताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हणून दोनदा विचारलं. अहो, नाव लावणं माझं काम, नावं ठेवणं नव्हे."

दुसऱ्या दिवशी जोडपं आलं, ते भलीमोठी बॅग ओढतच. "नमस्कार, वहिनी!" परदेशी बाई शिकवणी लावून मराठी शिकली होती. तिनं बॅग उघडली. आत टॉवेलच टॉवेल, आणि प्रत्येकावर निळ्या धाग्यानं विणलेलं 'नंतर बघू'.

"फार गोड नाव! पण आमच्या बाईंनी अजून भविष्यकाळ शिकवला नाही. अर्थ काय?"

गृहस्थ एकदम छताकडे बघू लागले. छतानं काही मदत केली नाही.

बायकोनं एक टॉवेल उचलला, त्यावरून हात फिरवला. "प्रवासानं दमलेला माणूस दारात येतो ना," ती हळूहळू म्हणाली, "त्याला आम्ही सांगतो, आधी बसा, पाणी प्या, हातपाय धुवा. भाडं किती, राहणार किती दिवस, ते सगळं नंतर बघू."

बाईनं तिचा हात घट्ट धरला. "वहिनी, मागच्या वर्षी दारात तुम्ही हेच म्हणाला होतात आम्हाला! तेव्हा शब्द कळले नव्हते."

सह्या झाल्या. हॉटेल निघालं, आणि खोल्या भरूही लागल्या. फोनवर मात्र रोज घोळ व्हायचा. गृहस्थ ऐटीत कंपनीचं नाव सांगत, "नंतर बघू!" आणि पलीकडचा वैतागून म्हणे, "अहो, नंतर काय? खोली आज पाहिजे!"

एक दिवस बायकोनं वरून हाक मारली. "अहो, न्हाणीघरातला नळ पुन्हा गळतोय."

"नंतर ब..."

"अं हं!" बायको जिन्यात येऊन उभी राहिली. "कंपनीचं नाव आहे ते. घरकामाला वापरायचं तर भागीदारांची संमती लागते."

गृहस्थांनी मुकाट्यानं पान्हा उचलला.