गादीदार चड्डीची मोहीम

सायकलस्वार दोस्तमंडळींनी फर्मान काढले की, धाकट्यांनी गादीदार चड्डी कैसी मिळवली, आधी तीन वेळा शिकस्त कैसी खाल्ली आणि मग फत्ते कैसी जाहली, ही समग्र हकिकत मुळापासून सांगावी. तर ऐकावे. मध्ये कोणी हसू नये, कारण हे घडले त्यासमयी कोणीही हसत नव्हते, एक ताईसाहेब सोडून.

जाहले ऐसे की, शहरात एक शिलाईचे दुकान, रस्त्यापासून दोन पायऱ्या वर, पुढे काच, काचेत मुंडके नसलेला पुतळा कोट घालून उभा, आत लांब टेबल, तीन मशिनी आणि वरच्या मजल्यावर घर. दुकानाचे धनी तीर्थरूप बाबा, कात्रीबहाद्दर, मापपट्टीधारक, चाळीस वर्षे कोट-पँटींचा मुलूख राखलेले. त्यांचे चिरंजीव राजश्री धाकटे, उमर बावीस, हुद्दा काज-बटण व इस्त्री, आणि मनाने सदैव घोडदळात. कन्या ताईसाहेब दवाखान्यात परिचारिका, आणि जिभेला धार ऐसी की कात्रीने खाली मान घालावी. या घराण्यात एक कायदा होता, तो असा की बाहेरचा शिवलेला कपडा घरात आला की उसवल्याखेरीज कोणी अंगाला लावायचा नाही. रेनकोट असो की ताईसाहेबांचा दवाखान्यातला गणवेश असो, बाबा तो उजेडात धरणार, "हे काय माप आहे?" म्हणणार, आणि शिवण उसवून आपल्या हाताने पुन्हा घालणार. तीस वर्षांत यातून एक मोजादेखील सुटला नव्हता.

मग धाकट्यांनी शर्यतीची सायकल आणली. चाके बोटाएवढी, हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे, आणि खोगीर! खोगीर कसले, उलथण्याचे पाते. या हकिकतीतला गनीम तोच, हे ध्यानी असू द्यावे. धाकटे दंतवैद्यांच्या टोळीत दाखल जाहले. दंतवैद्य म्हणजे गल्लीच्या टोकाचे दात काढणारे डॉक्टर, पण रविवारी पहाटे सरदार. पहिल्याच मोहिमेत धरणापर्यंत जाऊन येऊन शंभर किलोमीटरची मजल मुकरर जाहली आणि धाकटे साध्या सुती विजारीत रवाना जाहले. विसापर्यंत मर्दुमकी, तिसापर्यंत शांतता, आणि बेचाळिसाव्या किलोमीटरला दक्षिण प्रांत समूळ गमावला. मग गाद्या वाहणाऱ्या टेम्पोने घरी आले, आणि शरम ऐसी की भोवती वीस गाद्या असून बसवेना, सबब सबंध वाट पालथे पडून आले.

ताईसाहेबांनी दारातच मुजरा केला. म्हणाल्या, "आलात का महाराज? बसा ना. अरे हो, विसरलेच."

आणि त्याच उभ्या बैठकीत ताईसाहेबांनी जाहीर केले की, आपण रोज दवाखान्यात पायी जातो आणि इकडे सायकल जिन्याखाली धूळ खाते, हा न्याय नव्हे. येत्या रविवारी धाकट्यांनी शंभर पुरे केले तर सायकल त्यांची, आपण पुन्हा तोंड उघडणार नाही. आणि नाही केले, तर सायकल आपली, आणि मग आपण तिला पुढे टोपली लावणार, मागे कॅरिअर ठोकणार आणि हँडलला घंटी बसवणार.

"घंटी?" धाकटे म्हणाले.

"गुलाबी."

धाकट्यांची पाचावर धारण बसली. शर्यतीच्या सायकलला टोपली! ती पालेभाजी घेऊन गल्लीतून चालली आहे, आणि दंतवैद्य दारात उभे राहून बघताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आले. हात जोडून बाबांकडे कुमक मागितली.

बाबांनी विचार केला, आणि म्हणाले, "गादी पाहिजे ना? गादीला काय तोटा आहे!" कोटाच्या खांद्यात घालतात ते पॅड काढले, अव्वल दर्जाचे, चार नग, आणि जुन्या विजारीच्या बैठकीत दोन दोन करून टाचले. सोमवारी धाकटे बाजाराला वळसा घालायला निघाले. पहिल्या चौकात एक पॅड फितूर होऊन मांडीवर उतरले, दुसऱ्या चौकात दुसरे पोटाकडे चालते जाहले, आणि परतीच्या वाटेवर तिसरे विजारीच्या पायातून थेट रस्त्यावर पडले, ते मागून येणाऱ्या बाईंनी उचलून दिले. "अहो, तुमचा खांदा पडला," म्हणाल्या. ही दुसरी शिकस्त.

मग दंतवैद्यांचा खलिता फोनवर आला की, बाबा रे, सायकलची चड्डी विकत मिळते, ती घे, आणि माझं नाव सांगू नकोस.

धाकटे मंगळवारी घाईघाईने सायकलच्या दुकानात शिरले, कोणाला काही विचारले नाही, कारण पुढे तरुण विक्रेतीण उभी होती आणि पार्श्वभागाचा विषय काढायचा कसा? फळीवरची सर्वांत जाड गादीची चड्डी उचलली. जेवढी जाड तेवढे सुख, ऐसा हिशेब. ती घरी आणली, आणि कायद्याप्रमाणे बाबांनी उजेडात धरली.

"हे काय माप आहे? यात जीव गुदमरेल. आरशापुढे ये. ताठ उभा राहा."

धाकटे ताठ उभे राहिले. बाबांनी कमरेत दोन बोटे सैल केली, मांडीला तीन बोटे, बैठकीत वारा खेळायला जागा ठेवली. आरशात चड्डी फारच देखणी दिसू लागली. बुधवारी धाकट्यांनी आत नेहमीची चड्डी, वर ही, ऐसा दुहेरी बंदोबस्त करून वीस किलोमीटर मारले. सैल कापडाला चुण्या पडल्या, चुण्यांच्या दोऱ्या जाहल्या, दोऱ्यांनी करवतीचे काम आरंभिले, आणि आतल्या चड्डीची शिवण गनिमाला सामील जाहली. ही तिसरी शिकस्त, आणि धाकटे पाय फाकवून, सायकल हातात धरून चालत आले.

ताईसाहेब दवाखान्यातून मलमाची नळी घेऊन आल्या. ती टेबलावर आपटून जबानी घ्यायला बसल्या.

"आत काय घातलं होतंस?"

"म्हणजे काय, नेहमीची."

"अरे गाढवा! त्यात आत काही घालायचं नसतं!" आणि मग बाबांकडे वळून, "आणि बाबा, तुम्ही माप उभ्यानं घेतलंत?"

"मग काय झोपवून घ्यायचं?"

"हा सायकल उभ्यानं चालवतो का?"

धाकट्यांनी भीत भीत विचारले की, ताई, तू तर माझी सायकल घ्यायला बसलीस, मग ही मसलत कशापायी? ताईसाहेब म्हणाल्या, "तुला हरवायचंय रे, पण मलम लावून लावून नाही. त्यात मजा काय?"

गुरुवारी सकाळी बाबांनी दुकानाचे लांब टेबल भिंतीला लावायला सांगितले, सायकल आत घेतली, चाके कापडाच्या ताग्यांमध्ये जखडली आणि धाकट्यांस स्वार केले. धाकटे पुढे वाकले, हँडल धरले. बाबा मापपट्टी घेऊन एक फेरा फिरले, मग दुसरा, मग तिसरा. पाठ मोजली, बैठक मोजली, पोट मोजले. पाठीमागे उभ्या मापापेक्षा चार बोटे जास्त लागत होती, आणि पुढे तितकेच कापड गोळा होत होते. कोटाची ट्रायल द्यायला एक बँकेतले गृहस्थ आले, त्यांनी हा देखावा पाहिला आणि मुकाट्याने पायरीवर जाऊन उभे राहिले.

बाबा स्टुलावर बसले. खडू हातातच राहिला.

"चाळीस वर्षं," म्हणाले, "मी माणसं उभी करून मापली. आणि बाहेर जाऊन ती सगळी बसली असणार."

धाकटे वाकलेलेच होते.

शुक्रवारी बाबा जातीनिशी मोहिमेवर निघाले, मापपट्टी गळ्यात, धाकटे मागे. विक्रेतीणबाईंपुढे बाबांनी बिनदिक्कत विषय मांडला की, पोरगा बुडानं बेजार आहे. धाकट्यांना धरणी दुभंगावी ऐसे वाटले, पण बाई मोठ्या मातब्बर निघाल्या. त्यांनी नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा बाकावर ठेवला आणि धाकट्यांस हुकूम केला की, यावर बसा, पुढे वाका, उठा. पुठ्ठ्यावर हाडांचे दोन खळगे उमटले. बाईंनी त्यातले अंतर मोजले, बाबांनी आपल्या पट्टीने पुन्हा मोजले, आणि दोघांचे माप एक आले तेव्हा बाबांची मुद्रा जरा निवळली.

मग बाईंनी फर्माविले की, गादी या दोन हाडांखाली आली पाहिजे, बाकी जाडीचं काही खरं नाही. फार जाड गादी दबते, घाम धरते आणि गोळा होते. पातळ पण घट्ट बघा. चड्डी कातडीसारखी बसली पाहिजे, चुणी पडली की मोठी झाली, मांडीवर वळ उठला की लहान झाली. कंबरपट्टा पोटात रुततो, म्हणून खांद्यावरून पट्टेवाली घ्या. इथे आतल्या चड्डीवरून घालून बघा, पण घरी गेल्यावर आत काही नाही.

"काहीच नाही?" बाबांनी विचारले.

"काहीच नाही, काका."

बाबांनी डोळे मिटले आणि घराण्याची इभ्रत मनातल्या मनात एका बाजूस ठेवली.

पहिली चड्डी चुणीवर बाद, दुसरी वळावर. तिसरी घालून धाकटे बाहेर आले तर पट्ट्यांनी पुढे ओढल्यामुळे सरळ उभे राहवेना, प्रश्नचिन्हासारखे वाकले. आठवड्यापूर्वी बाबांनी ती तिथेच परत केली असती. आता म्हणाले, "सायकलवर बस." दुकानातल्या सायकलवर धाकटे वाकले आणि चड्डी नाहीशी जाहली. म्हणजे अंगावर होती, पण आहे ऐसे वाटेना. बाबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. सहा तुकडे, शिवणी सपाट, बैठकीखाली मध्यभागी एकही जोड नाही.

"कोणी शिवलीय?"

"मशीनवर होतं काका सगळं."

"मशीन कोणीतरी चालवतंच की," बाबा म्हणाले, आणि चड्डी घेतली.

पण खरा प्रसंग पुढेच होता. शनिवारी दुपारी धाकटे खाली आले तो टेबलावर दिव्याखाली चड्डी पसरलेली, आणि बाबांच्या हातात टाके उसवायची छोटी कात्री. तीस वर्षांचा कायदा! बाबांना थांबा म्हणावे तर बेअदबी, कात्री हिसकावी तर त्याहून मोठी बेअदबी. बाबांनी चड्डी उलटी केली. कात्रीचे टोक शिवणीवर टेकवले. बराच वेळ टेकवून ठेवले. मग पाठीकडे नेले, तिथे मापाचा एक कडक बिल्ला होता, त्याचे चार टाके तोडले, बिल्ला चिमटीत धरून बाहेर काढला आणि चड्डी धाकट्यांकडे सरकवली.

"हा टोचला असता," म्हणाले. "आता घाल."

रविवारी फौज पहाटे निघाली. बेचाळिसावा किलोमीटर आला, आणि बिनबोभाट मागे पडला. सत्तराला मांड्या पेटल्या, पंच्याऐंशीला समोरून वारा असा सुटला की दंतवैद्यांनी उघडपणे शिव्या दिल्या, मान आखडली, तळवे बधिर जाहले, चहूकडून बंडाच्या बातम्या येऊ लागल्या. पण दक्षिण प्रांतातून एक तक्रार नाही! गनीम खाली होता तिथेच होता, आणि त्याचे काही चालत नव्हते. धाकटे दुकानापुढे येऊन पोचले आणि ताईसाहेबांनी पायरीवरूनच विचारले, "किती?"

धाकट्यांनी हँडलवरचा आकडा पाहिला. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.

"पूर्ण शंभर ठरलं होतं," ताईसाहेब म्हणाल्या.

दंतवैद्य म्हणाले, जाऊ द्या हो, धरणाचा रस्ताच तेवढा आहे. ताईसाहेब म्हणाल्या, तुम्ही अर्धा दात काढता का? मग धाकटे दुकानापुढच्या रस्त्यावर टोकापासून टोकापर्यंत फेऱ्या मारू लागले, तोंडाला फेस, शेजारीपाजारी गॅलरीत, दंतवैद्य टोपी काढून उभे, आणि सातव्या फेरीला ताईसाहेबच ओरडू लागल्या, "अजून एक! मर ना, पण मार! थांबू नकोस रे!" आठव्या फेरीला आकडा शंभरावर गेला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तह ताईसाहेबांनी कपड्याचा नक्षा काढायच्या कागदावर खडूने लिहून दिला की, सायकल धाकट्यांची, टोपली नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. गनिमाकडील खोगीर जागच्या जागी जेर, आमचेकडील जखमी कोणी नाही. आणि सोमवारी कोटाची ट्रायल द्यायला बँकेतले गृहस्थ पुन्हा आले, सवयीने आरशापुढे ताठ उभे राहिले, तेव्हा बाबांनी खुर्ची ओढली आणि हुकूम केला की, "बसा. दिवसभर बँकेत बसता तसे बसा. पोट आत ओढू नका, मला सगळं माहीत आहे." तारीख मजकूर, मुक्काम दुकान, समोर ताईसाहेब साक्षीला.