नानांची पाळत

एखादी गोष्ट चांगली निघाली की नाना घाबरतात. चिक्कडपल्लीच्या आमच्या इमारतीत ते खालच्या मजल्यावर राहतात. दुधावर जाड साय आली की भांडं उजेडात धरून विचारणार, "कायकू?" दिवाळीला मी पेढे नेऊन दिले, तर माझ्या बायकोला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "नोकरी गेली का त्याची?"

अशा माणसाला मी, एका खासगी वाहिनीचा चाकर, छाती फुगवून सांगितलं, "नाना, चांगले कार्यक्रम दाखवले की आता सरकार आम्हाला अनुदान देतं! आठवड्याला अर्धा तास मराठीत करतोय. इथल्या जुन्या मराठी घरांतल्या चालीरीती, खाणंपिणं."

"म्हणजे चोराला चोरी न करण्याचा पगार," नाना म्हणाले. "कुछ तो भी लफडा है."

तेव्हापासून त्यांनी आमच्यावर पाळतच ठेवली. कार्यक्रम संपायचा अवकाश, की फोन. "त्या बाईनं येसराच्या आमटीत साखर घातली. कोणी शिकवलं तिला? सरकारनं?"

एकदा घाईत मी जुनाच भाग नवं नाव देऊन चालवला. म्हटलं, बघतंय कोण! लगेच फोन. "बाई तीच, पातेलं तेच, साखरसुद्धा तीच. अनुदान मात्र नवं, काय?"

पुढे हे अनुदान चालू ठेवायचं की नाही, ते ठरवायला एक सरकारी बाई आल्या. म्हणाल्या, खरा प्रेक्षक दाखवा, नाहीतर पैसे बंद. पैसे बंद म्हणजे कार्यक्रमही बंद. आता खरा प्रेक्षक आणू कुठून? माझ्याच घरात तेलुगू मालिका चालतात. बोकडानं खाटकाला घरचा पत्ता द्यावा, तसा मी बाईंना नानांकडे घेऊन गेलो.

"प्रोग्राम कैसा है?" बाईंनी विचारलं.

नानांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी टीपॉयखाली मावेन का, याचा अंदाज घेत होतो.

"अच्छा है," नाना म्हणाले. "एक हफ्ता बी नै छोडा मैं. बंद नक्को करो, अम्मा."

बाई खूश होऊन गेल्या. आता संशय घ्यायची पाळी माझी होती.

"नाना, खरं सांगा. माझ्याकडून काय हवंय?"

"काही नको रे." ते बंद टीव्हीकडे बघत राहिले. "सूनबाई तेलुगू बोलते, नातवंडं इंग्रजी. गुणी आहेत सगळी. तेलुगूत मला भाजी आणता येते, डॉक्टरला दुखणं सांगता येतं. भांडता येत नाही. तुझी काकू होती तोवर रोज व्हायचं आमचं, कशावरनंही. आता टीव्हीतली ती बाई तेवढी उरली."

समोर नानांनी स्वतः केलेला चहा होता. अगदी फक्कड. एक घोट घेऊन मी तोंड वाकडं केलं.

"पाणचट झालाय, नाना."

"पाणचट?" नाना ताठ झाले. पुढे सरकून बसले. डोळ्यांत केवढी तरी चमक आली. "बस खाली! चहातलं तुला काय कळतं रे?"